मुलांचे काम : सेवा की चाकरी?

बारावीची परीक्षा उतरलेली एखादी मुलगी, किंवा कॉलेजाची एकदोन वर्षे काढून घरी आलेला एखादा मुलगा, पाळकांकडे अगर उपदेशकांकडे येतो आणि विचारतो, “मला लहान मुलांची आवड आहे. शाब्बाथशाळेत मी वर्ग घेत असतो. मुंबईस अंधेरीला माझे चुलते राहतात. तेथे मुलांसाठी चालणाऱ्या एखाद्या संस्थेत मी काम धरावे काय? जन्मभर तेच करावे काय?”

ह्या प्रश्नास आपल्या मंडळ्यांतून बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी वडील म्हणतात, “मुलांची सेवा ही दयेची गोष्ट आहे, ती पैशासाठी करू नये. पोटासाठी दुसरा काही उद्योग शिक, आणि सुट्टीच्या दिवशी मुलांस शिकवीत जा.” दुसरे कोणी म्हणतात, “मुले सांभाळणे हे का शिकलेल्या माणसाचे काम? त्यात ना पगार, ना मान.” ही दोन उत्तरे एकमेकांच्या उलट दिसतात, तथापि दोहोंत एकच उणीव आहे. दोन्ही उत्तरे काम करणाराकडे पाहून दिलेली आहेत. एकाला त्याच्या मनाच्या शुद्धतेची काळजी आहे, दुसऱ्याला त्याच्या खिशाची. ज्या मुलासाठी हे काम करावयाचे त्याला काय पाहिजे आहे, हे मात्र कोणीच विचारीत नाही. त्या मुलाच्या बाजूने ह्या प्रश्नाचा विचार करून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे काम कोठून उत्पन्न झाले ते पाहू. खेड्यात मूल एका घराचे नसते. ते आळीचे असते. आई खुरपणीस गेली तर आजी आहे, आजी नसेल तर शेजारीण आहे. मूल ओढ्याकडे चालले तर वाटेने जाणारा कोणीही त्याला हाताला धरून परत आणतो, आणि त्याबद्दल कोणी कोणास काही देत नाही. आता हेच कुटुंब मुंबईच्या उपनगरात जाते. 1990 च्या ऑक्टोबरात मुंबई उपनगर हा निराळा जिल्हा झाला. बांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत तो पसरला आहे, आणि 2011 च्या खानेसुमारीत त्याची वस्ती 93,56,962 भरली. घाटकोपरच्या टेकड्यांवर, मुलुंडच्या चाळींत, अंधेरी व बोरिवलीच्या झोपड्यांत आपल्या गावांकडची कितीतरी माणसे आहेत. बाप पहाटे कामावर जातो. आई चार घरची धुणीभांडी करावयास जाते. भिंतीला भिंत लागून शेजार आहे, पण शेजारीणही कामावर गेलेली असते. आळी मागे राहिली; मूल तेवढे पुढे आले.

तेव्हा जे काम गावात आजी, मावशी आणि शेजारीण मिळून विनामूल्य करीत होत्या, ते शहरात कोणीतरी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येऊन करावे लागते. जो दररोज सकाळी येऊन सायंकाळपर्यंत हे करील त्याला दुसरा धंदा करता येणार नाही. म्हणून त्याचे पोट ह्याच कामावर चालले पाहिजे. अंगणवाडी, पाळणाघर, बालगृह, वस्तीतील अभ्यासवर्ग, मतिमंद अगर बहिऱ्या मुलांची शाळा, वाट चुकलेल्या तरुणांस उद्योगास लावण्याचे काम, ही सर्व अशा रीतीने उत्पन्न झाली. मुलांचे काम चाकरी झाले ते लोकांची माया आटली म्हणून नव्हे. तर जिच्या आधारावर ती माया फुकट मिळत होती ती आळी नाहीशी झाली म्हणून.

हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या आक्षेपाचे बळ पुष्कळसे कमी होते. तरीही मनात एक शंका राहतेच : पगार घेऊन केलेली माया खरी कशी? आपल्यापैकी पुष्कळांस चांगल्या मेंढपाळाचा दाखला आठवेल. लांडगा येताना पाहून मोलकरी पळून जातो, असे तेथे सांगितले आहे. आणि ह्यावरून मोल घेणे हेच वाईट, असा अर्थ कित्येक लोक काढतात. परंतु त्या दाखल्यात मोलकऱ्यावर मजुरी घेतल्याचा आरोप नाही. मेंढरांची त्याला पर्वा नाही, आणि संकटाच्या वेळी तो पळतो, हा त्याचा दोष. पगार न घेणारासही पळून जाता येते. किंबहुना त्याला अधिक सहज जाता येते, कारण त्याला हिशेब विचारणारा कोणी नसतो. तेव्हा पगार घेतो की नाही, ह्यावरून माणसाची पारख होत नाही. लांडगा आला असता तो कोठे असतो, ह्यावरून होते.

मुंबईत हा विचार फार पूर्वी झालेला आहे, आणि तो मिशनच्याच एका माणसाने केला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे 1925 साली मुंबईस आले, आणि नागपाड्याच्या दाट वस्तीत त्यांनी नेबरहुड हाउस ह्या नावाचे केंद्र चालविले. चांगल्या हेतूला शिक्षणाची जोड नसेल तर गरिबांस त्याचा उपयोग थोडा, असे त्यांचे मत होते. पुढे 1936 साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने समाजसेवेचे शिक्षण देणारी शाळा नागपाड्यातच निघाली, आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. त्या शाळेने 1937 साली मुलांच्या मनोविकारांकरिता बालमार्गदर्शन केंद्र उघडले. 1944 साली तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, आणि 1954 पासून ती उपनगरात, देवनार येथे आहे. मिशनरी माणसाने पगारी सेवकांची शाळा चालवावी हे कोणास विसंगत वाटेल. परंतु मिशन दवाखान्यातील डॉक्टर अगर नर्स पगार घेते म्हणून तिच्या हातची दया कमी झाली, असे आपण कधी म्हणत नाही. उलट, न शिकलेल्या दयाळू माणसाच्या हाती आपण शस्त्र देत नाही. मुलाचे मन हे शरीराहून कमी नाजूक आहे, असे कोणी समजू नये.

येथून आपण दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. “मला मुलांची आवड आहे,” हे वाक्य तरुणाच्या तोंडून आपण पुष्कळदा ऐकतो. आवड असणे चांगले. पण ह्या कामाचा पाया आवडीवर घालता येत नाही. आवड ही पावसासारखी आहे; ती येते आणि जाते. मुलाला विहीर पाहिजे. ज्या मुलाचा बाप दारू पिऊन येतो, किंवा ज्याला आई स्टेशनवर सोडून गेली आहे, त्याला जगात एकच गोष्ट ठाऊक झालेली असते : मोठी माणसे येतात व जातात. त्याच्याकडे कोणी तीन रविवार खाऊ घेऊन येतो, गाणी शिकवितो, फोटो काढतो आणि चौथ्या रविवारी येत नाही. येणाराच्या मनाला त्या तीन दिवसांनी समाधान मिळाले असेल. मुलाला मात्र तोच जुना धडा पुन्हा एकदा मिळाला. असे मूल तोंडाने विचारीत नाही, पण त्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न असतो : “उद्या येणार काय?” ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याला दररोज, वर्षानुवर्षे, कंटाळा आला असताही देता येईल, त्यानेच हे काम धरावे.

असे उत्तर देणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. ज्या वर्षी नागपाड्यात टाटांची शाळा निघाली त्याच 1936 साली ताराबाई मोडक ह्यांनी दादर येथे शिशुविहार स्थापिला. शहरातील शिकलेल्या लोकांची मुले तेथे येऊ लागली. परंतु खेड्यातील मुलांचे काय, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. म्हणून 1945 साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांच्या मदतीस अनुताई वाघ गेल्या. अनुताईंचा जन्म 1910 चा. त्या बालविधवा होत्या, आणि शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या होत्या. बोर्डीस आदिवासी मुले शाळेत येत ना, तेव्हा ह्या दोघींनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. धडे मागून, आधी आंघोळ, नखे, केस आणि घास. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. 1957 साली हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई 1992 साली वारल्या, म्हणजे 47 वर्षे त्या ह्याच कामात राहिल्या. आज देशभर जो ‘अंगणवाडी’ शब्द चालतो तो ह्याच कामातून आला. त्यांस मुलांची आवड होती हे उघड आहे. पण 47 वर्षांतील प्रत्येक सकाळी ती तितकीच ताजी असेल काय? ज्या सकाळी ती नसेल त्या सकाळीही अंगण झाडलेले होते, ही गोष्ट महत्त्वाची.

काम करणारा माणूस किती महत्त्वाचा असतो ह्याचे आणखी एक उदाहरण मुंबईतच आहे. डोंगरीच्या ज्या तुरुंगात 1882 साली टिळक आणि आगरकर ह्यांनी 101 दिवस काढले, त्या आवारात पुढे मुलांचे गृह झाले. मुंबई इलाख्यात 1924 साली मुलांचा कायदा झाला आणि 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे गृह आणि उपनगरात मानखुर्द येथील मोठे बालगृह ही दोन्ही त्याच सोसायटीची. कायद्याने तुरुंगाच्या दारावर नवी पाटी लावता येते. भिंती मात्र त्याच राहतात. आत किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारा माणूस जर पूर्वीच्याच पहारेकऱ्यासारखा असेल तर मुलाच्या लेखी तो तुरुंगच. माणूस बदलला तरच तुरुंगाचे घर होते. बालगृह चांगले की वाईट, हे पहिल्याने तेथे रात्रपाळीस कोण असते ह्यावरून ठरते.

इतके ज्या माणसावर अवलंबून आहे, त्याला आपण वागवितो कसे? हा तिसरा मुद्दा, आणि येथे दोष तरुणांचा नसून आपणा थोरांचा आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पहिल्या 33 प्रकल्पांत आपल्याकडील मेळघाटातले धारणी हे एक होते. ह्या योजनेतील अंगणवाडी चालविणाऱ्या स्त्रीस ‘सेविका’ म्हटले, आणि तिला मिळणाऱ्या पैशास वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हटले. शब्द गोड आहेत. पण त्या गोड शब्दांचा उपयोग पुष्कळदा कमी देण्याकडे झाला. केंद्र सरकारने आपल्या वाट्याचे मानधन ऑक्टोबर 2018 पासून महिना 3,000 रुपयांवरून 4,500 केले. त्यावर राज्य आपली भर घालते. घाटकोपर अगर मुलुंड येथे एका खोलीचे भाडे काय पडते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अधिक सांगावयास नको. 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, अंगणवाडीच्या सेविका व मदतनीस ह्यांस 1972 चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे आणि त्यांचे मानधन हे त्या कायद्याच्या दृष्टीने वेतनच आहे. जे न्यायालयास कळले ते आपणांस आधीच कळावयास पाहिजे होते.

पुढे 4 डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी संप केला, आणि तो सात आठवड्यांहून अधिक दिवस चालला. त्या दिवसांत वस्तीतील पुष्कळ मुलांचा आहार चुकला. येथे एक कठीण नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याने मुलाच्या ‘उद्या’चे वचन दिले त्याने काम बंद ठेवावे काय? कोणी म्हणतील, मुलास उपाशी ठेवून मागितलेला हक्क हा हक्क नव्हे. ह्या बोलण्यात तथ्य आहे, आणि संप करणाऱ्या कित्येक बायांच्या जिवालाही ते लागले असेल. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुलाच्या मायेचा दोर सेविकेच्या गळ्यात बांधून, ‘ही मुलांस सोडणार नाही’ ह्या भरवशावर जो तिला वर्षानुवर्षे थोडक्यात राबवितो, तो तिच्या प्रेमाचाच व्यापार करीत असतो. अशा स्थितीत त्या बंद दाराचा दोष एकट्या सेविकेच्या माथी मारणे हा अन्याय होय. दार उघडे राहावे असे वाटत असेल तर ते उघडणाराच्या चुलीची काळजी आधी वाहिली पाहिजे. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, ही शिकवण आपण उपदेशकाच्या बाबतीत मान्य करतो. मुलांच्या सेविकेच्या बाबतीत ती विसरतो.

आता चवथी आणि सर्वांत गंभीर गोष्ट. मुलांचे काम करणाराच्या हाती मोठी सत्ता असते. गावच्या पाटलाची सत्ता लोकांस दिसते. मुलावरची सत्ता बंद खोलीत चालते, आणि मूल तक्रार करावयास शिकलेले नसते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर तेथील नोकरानेच अत्याचार केल्याचा आरोप बाहेर आला, तेव्हा सर्व महाराष्ट्र हादरला. म्हणून ह्या कामात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाविषयी चौकशी झाली तर त्याने अपमान मानू नये. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर असा अत्याचार झाल्याचे अगर होणार असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. गप्प बसणे हाही गुन्हा आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे मुलांच्या संस्थेतील नोकरांची पोलीस पडताळणी व्हावयास पाहिजे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलास मारण्यास मनाई केली आहे, आणि 2015 च्या कायद्याने बालगृहातही. संस्थेचे नाव जाईल, मंडळीची बेअब्रू होईल, म्हणून असे प्रकरण घरातल्या घरात मिटविण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती मुलाशी केलेली बेइमानी आहे. संकटात सापडलेल्या मुलासाठी 1098 हा दूरध्वनीचा क्रमांक आहे. 1996 साली टाटा संस्थेचा एक उपक्रम म्हणून त्याची मुंबईत सुरुवात झाली, आणि 2023 पासून तो सरकारी यंत्रणेकडे गेला आहे. प्रत्येक शाब्बाथशाळेच्या भिंतीवर तो लिहिलेला असावा.

सत्तेचा एक सूक्ष्म प्रकारही आहे. कित्येक माणसे मुलांकडे ह्यासाठी ओढली जातात की, मूल लवकर प्रेम करते. ज्याला घरी कोणी मानीत नाही त्याला दहा मुले ‘दादा, दादा’ म्हणून बिलगली म्हणजे बरे वाटते. हे स्वाभाविक आहे. परंतु आपली भूक भागविण्यासाठी मुलाचे प्रेम वापरणे बरोबर नव्हे. असा माणूस मुलास स्वतंत्र होऊ देत नाही. चांगल्या शिक्षकाचे मूल त्याच्यावाचून चालावयास शिकते, आणि पुढे रस्त्यात भेटले असता कदाचित ओळखही देत नाही. हे ज्याला सोसेल तोच ह्या कामास लायक.

मग आपल्या दारी आलेल्या त्या तरुणास काय सांगावे? त्याला पुढील प्रश्न शांतपणे विचारावेत. तू रागावर ताबा ठेवतोस काय? ज्या मुलाची तुला किळस येते, जे चावते, चोरते, खोटे बोलते, त्याच्याजवळ तू बसशील काय? तुझी चूक दुसऱ्याने दाखविली असता तू ऐकतोस काय? रोजच्या नोंदी नीट लिहिशील काय? कारण बालगृहातील मुलाचे भवितव्य पुष्कळदा त्या नोंदींवर बालकल्याण समिती ठरवीत असते. शेवटी, दुसरे काही जमले नाही म्हणून तर तू हे धरीत नाहीस ना? ज्याला कोठेच काम मिळाले नाही त्याला मुलांवर सोडण्याची आपल्याकडे एक वाईट रीत आहे. उपदेशकांनी अशा माणसास दाखला देऊ नये. शेळ्या राखावयास देतानाही आपण माणूस पाहून देतो.

ह्या प्रश्नांनी जो खचला नाही त्याने शिक्षण घ्यावे. अंगणवाडी सेविकेसाठी आता बारावी उतरलेली, त्याच ठिकाणची राहणारी स्त्री लागते. समाजकार्याची पदवी व पुढची पदविका-पदवी मुंबईत निर्मला निकेतन ह्या 1955 साली निघालेल्या कॉलेजात घेता येते; पदवीनंतरचे वरचे शिक्षण देवनारच्या टाटा संस्थेत आहे. अपंग मुलांस शिकविण्याचे शिक्षण स्त्रियांच्या एस. एन. डी. टी. विद्यापीठाच्या जुहू येथील आवारात, आणि बहिऱ्या मुलांविषयीचे बांद्रा येथील अली यावर जंग संस्थेत मिळते. मात्र शिक्षणाचा खर्च करण्यापूर्वी एक वर्ष एखाद्या पाळणाघरात अगर वस्तीच्या वर्गात हाताखाली काम करून पाहावे. त्या वर्षात पावसाळा येतो, लोकल बंद पडतात, खोलीत पाणी शिरते, पगार लांबतो, आणि ज्या मुलावर आपण सर्वांत अधिक कष्ट घेतले तेच पळून जाते. ते वर्ष संपल्यावरही पुढच्या सोमवारी कोठे जावे हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याला त्याचे उत्तर मिळाले.

आणि मंडळीने काय करावे? मुलगा अगर मुलगी ह्या कामास निघाली असता तिला फुकटच्या स्तुतीवर पाठवू नये. पहिल्या वर्षी भाड्याला हातभार लावावा. लग्नाच्या बोलणीत ‘नुसती अंगणवाडीत आहे’ असे म्हणणाऱ्यास तेथल्या तेथे उत्तर द्यावे. आणि गावात जी आळी अजून शिल्लक आहे तिला मोडू देऊ नये. कारण पगारी सेवक कितीही चांगला असला तरी सायंकाळी तो घरी जातो, आणि मूल आळीत झोपते.

सेवा की चाकरी, हा वाद मोठ्या माणसांचा आहे. मुलाला त्याचे काही नाही. सकाळी दार उघडले की नाही, दारात कालचेच माणूस उभे आहे की नाही, आणि त्याचा हात मारावयास उचलला आहे की धरावयास पुढे केला आहे, एवढेच ते पाहते. हे जो सांभाळील त्याने निश्चिंतपणे पगार घ्यावा. आणि जो पगार देतो त्याने तो हिशेबाने, वेळेवर आणि पुरता द्यावा.